बाभळीला बांधलेली बोट

सरकारची नवी जेट बोट गावात यायची होती, त्या दिवशी पुंजाजीच्या बायकोनं, अंजनानं, सकाळीच ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं, गाठोडं बांधलं आणि नवऱ्याला सांगून टाकलं, "मी आज माहेरी जाऊन राह्यली. नावेतनं. तुमी चालवा नाहीतं नका चालवू."

आता बोट चालवणारा अख्ख्या तालुक्यात एकटा पुंजाजी. त्यानं चालवली नाही तर ही बाई जाणार कशी, हे तिचं तिलाच ठाऊक. पण अंजना बोलली म्हणजे बोलली. पुंजाजीनं खाकी शर्टाच्या गुंड्या लावल्या, शिटी गळ्यात घातली आणि काही न बोलता बाहेर पडला. न बोलता बाहेर पडण्यात तो तीन वर्षांत चांगलाच तयार झाला होता.

झालं होतं असं. बहात्तरच्या दुष्काळात रिठदच्या पुढच्या शिवारात तलावाचं काम निघालं. पुंजाजी अन् अंजना दोघांनीही तिथं माती वाहिली, तिथंच एकमेकांना पाहिलं आणि काम संपायच्या आत लग्नही उरकलं. पुढच्या पावसात तलाव भरला आणि अंजनाच्या माहेरची वाट पाण्याखाली गेली. आधी नाला ओलांडला की माहेर. तंबाखू मळून होईस्तोवर माणूस पोचायचं. आता मधे हे एवढं पाणी. पाळीवरून वळसा घालायचा तर चार कोस, आणि तिच्या मायचे, भागिरथाबाईचे, गुडघे अंगणातसुद्धा साथ देत नव्हते. आपल्याच डोक्यावर घमेली वाहून आपलंच माहेर बुडवलं म्हणून अंजना आधी हसायची, मग चुलीच्या धुराचं निमित्त करून डोळे पुसायची.

त्याच पावसाळ्यात सात माणसं दोन दिवस पाण्यात अडकली होती. गावानं अर्ज केला. तो अर्ज कुठकुठं हिंडला कोण जाणे, पण चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत अकोल्याहून ट्रकवर बसून एक जेट बोट आली. पुंजाजी सातवी शिकलेला. त्याला चालक नेमलं. पंधरा दिवसांचं ट्रेनिंग, खाकी कपडे, शिटी. त्याच्या घरातली ही पहिली सरकारी नोकरी. बापानं विहारासमोर गूळ वाटला. त्या आनंदाच्या भरात पुंजाजी बायकोला म्हणाला, "आता कायले पायी जातं? तुले नावेतनं नेतो."

अंजनानं त्याच आठवड्यात रिठदच्या बाजारात आपल्या भावाला, जगदेवला, गाठून निरोप दिला. "मायले सांग, आता येईन तं नावेतच येईन. नाहीतं नाही येईन."

इथवर सगळं सरळ होतं. घोळ घातला तो बोट दाखवायला आलेल्या माणसानं. काठावर गाव जमलेलं, आणि हा भला माणूस मोठ्यानं सांगतो काय, "हिला पंखा नाही. ही खालून पाणी ओढते आणि मागून जोरात फेकते."

सरपंच शालिग्राम पाटलाचे कान टवकारले. तलावाच्या काठाशी त्याचा पंधरा एकर गहू उभा होता.

"वढते अन् फेकते?" तो म्हणाला. "अबे, मंग हा तं पंप होय!"

ट्रकची धूळ खाली बसायच्या आत गावकऱ्यांनी मोटेचा जाडजूड नाडा आणला आणि बोटीचं बूड काठावरच्या बाभळीला आवळून टाकलं. बोट जोर लावून पुढं जायला बघे, नाडा तिला जाऊ देत नसे, आणि मागनं फेकलेलं पाणी बरोब्बर शेताच्या दांडात पडे. हँडल उजवीकडं फिरवलं की धार पाटलाच्या गव्हात, डावीकडं फिरवलं की शेजारच्या कस्तुराबाईच्या कांद्यात. तेल सरकारचं, पाणी सरकारचं, डायवर सरकारचा. अख्खं गाव खूश. बोटीचं नाक सासुरवाडीकडं, बूड गावाकडं, आणि दिवसभर ती घरघर आवाज करत एक बोटभरसुद्धा हलत नसे. कमाल म्हणजे कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुंजाजी नाही म्हणू शकला असता. पण खरं ते सांगावं. ज्या शालिग्राम पाटलाच्या ओट्याखाली पुंजाजीचा बाप चपला हातात धरून उभा राहायचा, तो पाटील आता सकाळ-संध्याकाळ काठावर येऊन म्हणायचा, "पुंजाजी, जरासक इकडं वळव ना गा." आणि पुंजाजी लगेच वळवत नसे. आधी शिटी वाजवायचा, मागचं दाखवणाऱ्या बोटीच्या आरशात बघायचा, मग सावकाश हँडल फिरवायचा. या सुखाची त्याला चटक लागली. अंजना विचारायची, "कवा जायचं?" हा म्हणायचा, "गहू निंगू दे." गहू निघाला की कांदा, कांदा निघाला की मिरची. पावसाळ्यात पाटील म्हणे, "सोडू नको बाप्पा, गेली वाहून तं?" अशी तीन वर्षं गेली. अंजना ना नावेत गेली, ना पायी गेली. एवढी हट्टी बाई आमच्या भागात दुसरी झाली नाही, आणि एवढा गुळमुळीत नवराही.

इकडं अकोल्यात त्या बोटीच्या इंजनाच्या तासांचा आकडा पोचला, तेव्हा साहेबलोकांनी तोंडात बोटं घातली. एवढी चाललेली बोट त्यांच्या कागदात दुसरी नव्हती. या गावची वाहतूक फार, बोट झिजली असेल, यांना मोठी आणि नव्या पद्धतीची बोट द्या, असा हुकूम निघाला. म्हणून ही नवी बोट.

दुपारच्या आत ती आली. पांढरीशुभ्र, लाल पट्ट्याची, समोर काच, आणि इंजन केवढं! जुन्या बोटीच्या बाकांवर मिरच्या वाळत होत्या. त्या झाडून तिला ट्रकवर चढवली. सोबत सफारीतले एक निरीक्षक साहेब आले होते, काखेत फाइल. ते पुंजाजीला सह्यांसाठी पंचायतीत घेऊन गेले. परत येऊन बघतात तर गावानं नवी बोटही त्याच बाभळीला, त्याच नाड्यानं, त्याच गाठीनं बांधलेली. आणि आत अंजना, मांडीवर गाठोडं घेऊन बसलेली.

"म्या लय सांगतलं, बांधू नका," ती म्हणाली. "पाटील म्हनते, बसू दे तिले, वजन लागतेच."

साहेब नाड्याकडं बघत म्हणाले, "ही बांधली का आहे?"

"न बांधून कसं चालीन साहेब?" शालिग्राम पाटील म्हणाला. "पळून नाही जाईन ते?"

साहेबांनी फाइलीतून एक छापील फॉर्म काढला. वर लिहिलेलं: नवीन नौकेविषयी प्रथमदर्शनी अभिप्राय. त्यांनी तो वरून खालपर्यंत वाचला. दोरीचा रकाना कुठंच नव्हता. मग त्यांनी दोरीचा विषय सोडून दिला आणि पेनाचं टोपण काढलं.

"रूप कसं वाटतं?"

"बेस हाय," पाटील म्हणाला. "पन पांढरी कायले केली? चिखलात लगेच मळीन."

"आसनव्यवस्था?"

"जुनीवर सवा मन मिरची मावे," कस्तुराबाई म्हणाली. "हिच्यावर तेवढी नाही मावत. अन् गादी कायले लावली व माय? ऊन लागत नाही मिरचीले खालून."

साहेबांनी 'गादी नको' असं लिहिलं. पुढचा प्रश्न होता, जुन्या नौकेच्या तुलनेत काय सुधारणा जाणवते. त्यासाठी बोट चालू करणं भाग होतं. पुंजाजी चढला, बायकोकडं न बघता समोर बसला, चावी फिरवली आणि सवयीनं जुन्या बोटीएवढा जोर दिला.

अरे बाप रे! धार निघाली ती गहू ओलांडून, धुऱ्याचा बांध ओलांडून थेट सडकेवर. तिथून लखीरामची रिठदला जाणारी प्रवाशांची जीप भरून चालली होती. आतली सगळी माणसं निथळत खाली उतरली आणि निरभ्र आभाळाकडं बघत उभी राहिली. गावानं टाळ्या पिटल्या.

"सुधारना लय हाय, लिहा साहेब!" पाटील ओरडला. "आता सडकेच्या पल्याडचं वावरही भिजीन! पुंजाजी, जरा कमी कर गा, अन् उजवीकडं घे."

पुंजाजीनं जोर कमी केला. साहेबांनी चष्मा पुसला. आता एकच रकाना उरला होता.

"वेग कसा आहे?"

गाव एकमेकांच्या तोंडाकडं बघू लागलं.

"कायचा वेग, साहेब?" पाटलानं विचारलं.

"बोटीचा."

"ते तं जाग्यावरच राहते ना."

"ते असो," साहेब म्हणाले. "रकाना कोरा ठेवता येत नाही." आणि पँटच्या घड्या सांभाळत ते बोटीत चढले, अंजनाशेजारी बसले, फॉर्म गुडघ्यावर धरला. "चालक, पूर्ण वेग द्या. बघू."

पुंजाजीनं मागं वळून नाड्याकडं पाहिलं. मग नाइलाजानं बायकोकडं पाहिलं. ती त्याच्याकडं बघतच नव्हती. तिनं पलीकडच्या काठाकडं हात केला.

"थे पांढरं लुगडं दिसून राह्यलं का तुमाले?"

पलीकडं निंबाखाली एक पांढरा ठिपका होता. बसलेला.

"माय हाय ते," अंजना म्हणाली. "इंजन सुरू झालं का काठी टेकत येऊन बसते. म्या तीन साल इथूनच पाहून राह्यली. तुमचं तं नाकच तिकडं असते दिवसभर. तुमाले कवाच दिसली नाही?"

दिसत होती. रोज दिसत होती. ती दिसली की तो हँडल फिरवायचा आणि आरशात पाटलाचं वावर बघायचा.

"दिसते," तो म्हणाला.

आणि त्यानं वेगाचा दट्ट्या शेवटपर्यंत दाबला.

बोटीनं नाक वर केलं. नाडा इतका ताणला की त्यातून पाणी गळायला लागलं. काठावरनं पाटील बोंबलला, "पुंजाजी, काय करून राह्यला बे! कमी कर! गव्हाचं शेवटचं पानी हाय!" पुंजाजीनं आयुष्यात पहिल्यांदा पाटलाचं बोलणं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. शिटी तेवढी वाजवली. नाडा तुटला नाही. मोटेचा नाडा तो, तुटतो कशाला? बाभूळ उपटली. मुळांसकट, मातीसकट, कडाड करून उपटली आणि बोटीमागं तलावात निघाली. कस्तुराबाईची शेळी तिलाच बांधलेली होती. ती बिचारी बुंध्यावर चार पाय रोवून उभी राहिली आणि आरडाओरडा करणाऱ्या गावाकडं बघत तलावातून चालू लागली.

"आपण हललो," साहेब म्हणाले.

"हो साहेब," पुंजाजी म्हणाला. त्याला मोठ्यानं हसावंसंही वाटत होतं अन् रडावंसंही. सासुरवाडीचं जे गाव तीन वर्षं अंगठ्याएवढं दिसत होतं, ते मोठं होऊ लागलं. घरं दिसली, घरांची दारं दिसली. मागच्या बाभळीनं बोटीला सारखं ओढून धरलेलं, आडव्या फांद्यांनी पाणी उडवून साहेबांची सफारी भिजवलेली, तरी बोट पुढंच जात होती. अंजना उठून उभी राहिली होती. तिला कोणी खाली बस म्हटलं असतं तरी ती बसली नसती.

काठाला लागायच्या आधीच ती गुडघाभर पाण्यात उतरली अन् गाठोडं टाकून पळाली. भागिरथाबाईला उठता येईना. लेकीनं तिला बसल्या जागी मिठी मारली, आणि दोघी जणी अशा रडल्या की साहेबांनीसुद्धा पेनाला टोपण लावलं.

तेवढ्यात जगदेव वावरातनं पळत आला. खांद्यावर नाडा.

"भाऊजी! लय बरं झालं आले! आमचा हरभरा सुकून राह्यला. या निंबालेच बांधू."

भागिरथाबाईनं रडता रडता काठी उगारली. "जगद्या, नाडा खाली ठेव, नाहीतं तुलेच बांधीन निंबाले!"

जगदेवनं नाडा खाली ठेवला. म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं आणि पाण्यात उभ्या असलेल्या जावयाकडं पाहिलं. पुंजाजीनं हात जोडले. "जय भीम, माय," एवढंच कसंबसं म्हणाला.

"जय भीम, बापा," ती म्हणाली. "रोज सकाळी तुमचं इंजन आयकलं का म्या दोन भाकरी जास्त थापत होती. म्हनलं, निंगाले. हा जगद्या सांगे, बाभळीले बांधून ठेवली. म्या म्हनलं, खोटं नको बोलू. सरकारची नाव कोनी बांधून ठेवते काय? येऊन राह्यले असतीन."

पुंजाजीची मान खाली गेली. पाण्यात त्याला आपलीच खाकी दिसत होती.

साहेब बोटीतून उतरले. बूट पाण्यानं भरलेले, पण फॉर्म त्यांनी डोक्यावर धरून कोरडा ठेवला होता. नियमाप्रमाणे ज्यानं बोट येताना पाहिली त्याचाच अभिप्राय घ्यायचा होता. ते म्हातारीसमोर वाकले.

"आजी, बोट येताना तुम्ही पाहिलीत. वेग कसा वाटला?"

भागिरथाबाईनं बोटीकडं पाहिलं, बाभळीकडं पाहिलं, बाभळीवरच्या शेळीकडं पाहिलं. मग लेकीचा हात घट्ट धरून म्हणाली, "हळू हाय, बापा. यायले तीन साल लागले."

साहेबांनी तसंच्या तसं लिहून घेतलं आणि खाली चालकाची सही लागते म्हणून फॉर्म पुंजाजीपुढं धरला. पुंजाजीनं तो वाचला आणि सही केली.