येऊनच राह्यली

"प्रश्नाले जो सिद्दा जवाब देते, तोच खरा मानूस! बाकी समदे बुजगावने!"

गोविंदाच्या ठेल्यावरच्या बाकड्यावरून सोमाजीने हे जाहीर केलं आणि सबंध बसस्टँडावरून अशी नजर फिरवली, की जणू स्टँड त्यानेच वसवलं होतं.

"बराबर हाय," गोविंदा पानाला कात लावता लावता म्हणाला. "चा घेता का?"

सोमाजी विचारात पडला. त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली.

"आता कसं हाय गोविंदा, सकाळी घेतला होता. म्हनजे नाईच असं नाई. पन तू म्हनतेस त... पाह्यू."

गोविंदाने निमूट कपबशी पुढे केली. 'पाह्यू' म्हणजे हो, हे त्या मुलखात शेंबड्या पोरालाही कळतं. तिथे 'हो' म्हणणं अधाशीपणाचं आणि 'नाही' म्हणणं उद्धटपणाचं. भल्या माणसाने आपलं 'पाह्यू'वर आयुष्य काढावं.

तेवढ्यात छपराखालचा भोंगा खरखरला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं. आलापल्लीची बस अर्धा तास उशिरा येईल. अर्धा तास म्हणजे अर्धाच तास. कोणी जेवायला बसू नये."

सोमाजीची बशी ओठांपाशी थबकली. शेजारी बकरी घेऊन बसलेल्या पाहुण्याकडे वळून तो म्हणाला, "माही पोरगी होय."

"सांगतलं ना तुमी मघा," पाहुणा म्हणाला. बकरीनेही तोंड फिरवलं.

सोमाजी या स्टँडावरचा जुना हमाल. तांदळाच्या पोत्यापासून नवरदेवाच्या पेटीपर्यंत मुलखाचं ओझं त्याने टपावर चढवलं. कंबर गेली तेव्हाच तो खाली उतरला. आणि आता त्याच स्टँडावर त्याची सत्यशीला चौकशीच्या खिडकीत, खुर्चीत बसून, माणसांना कुठे चढायचं ते सांगत होती. हे दृश्य पाहायला सोमाजी रोज घरून धुतलेलं धोतर नेसून येई. नोकरी तिची होती, पण ड्यूटी दोघंही करत.

तिच्या आधी खिडकीत पत्रूबाबू होते. पत्रूबाबूंजवळ एकच उत्तर होतं, पण गोड होतं. कोणीही, कधीही, कोणत्याही बसचं विचारो, ते सुपारी कातरत म्हणत, "येऊनच राह्यली." विचारणारा खूश होऊन झाडाखाली जाऊन बसे. बस कधी यायची, कधी नाही यायची. पत्रूबाबूंची तक्रार मात्र कधीच आली नाही. निरोपाच्या दिवशी हार घातले गेले, भाषणं झाली, आणि ज्या बसने ते गावी जाणार होते ती आली नाही. तेव्हाही ते "येऊनच राह्यली" म्हणत संध्याकाळपर्यंत हारासकट बसून होते.

त्यांच्या खुर्चीत सत्यशीला आली, आणि आली ती प्रश्न घेऊन.

"कुठे जायचं?"

आता, घरून निघालेल्या माणसाला 'कुठे' म्हणून विचारू नये, हे आईच्या दुधाबरोबर पाजलेलं असतं. विचारलं की टोकलं. टोकलं की काम फसलं. तिथली माणसं बायकोलाही "येतो जरा" एवढंच सांगून चार दिवसांच्या लग्नाला जातात. खिडकीशी येऊन माणूस विचारी, "बाई, बस कवा हाय?"

"कुठली?"

"आमचीच."

"अहो, पण तुम्हाला जायचं कुठे?"

"जिल्ह्याले."

गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन दोनेक वर्षं झाली होती. जिल्हे आता दोन होते, दोन दिशांना होते, आणि माणूस कोणता ते सांगायला तयार नव्हता. एवढं विचारल्यावर तो सरळ चपला उलट्या फिरवी, घरी जाऊन गूळ-पाणी घेई आणि नव्याने निघे. तोवर बस गेलेली. मग तो म्हणे, "त्या बाईनं टोकलं ना, म्हनून गेली."

या तक्रारी वरपर्यंत गेल्या. सत्यशीलाची नेमणूक कच्ची होती. शनिवारी विभागाचे साहेब स्वतः येऊन खिडकीशेजारी बसणार, ऐकणार आणि बाईंना ठेवायचं की काढायचं ते तिथल्या तिथे ठरवणार, असा निरोप आला.

त्या संध्याकाळी सोमाजीने जेवताना विषय काढला.

"बेटा, 'कुठी' नोको म्हनू. 'किती दूर' म्हनत जा. मोठ्या मानसाले तसंच इचारतेत."

"इचारलं आज तसंही," सत्यशीला म्हणाली. "एक बुढा म्हने, बहुत दूर. दुसरा म्हने, इथीच जवळ. एक मावशी म्हने, आता पायावर हाय बाई, जाईन तवढं. सांगा, कोनत्या बसमंधी बसवू?"

कमलाबाईला, म्हणजे सोमाजीच्या बायकोला, हसू आवरेना. ती भाजी वाढता वाढता म्हणाली, "या घरात सिद्दं बोलनारं कोनी नव्हतं. हे पोरगी कोनावर गेली, मले तेच समजून नाई राह्यलं."

"माह्यावर!" सोमाजी म्हणाला.

"हो का? भात देऊ?"

"पाह्यू."

भात वाढला गेला. सोमाजीने घास घेतला आणि हळूच मुद्द्यावर आला. "शनवारच्या दिवशी तेवढं, पत्रूबाबूवानी... येऊनच राह्यली म्हन. एक दिवस. साहेब गेला की मंग बोल तुले जसं बोलायचं तसं."

सत्यशीलाने ताटातून मान वर केली. "बाबा, इचारनाऱ्याले जवाब पाहिजे असते. आशीर्वाद द्याले मी काही म्हातारी नाई झाली."

सोमाजीने विषय सोडून दिला. पण बापाचं मन. दुसऱ्या दिवशीपासून खिडकीशी माणसं दिसावीत म्हणून तो स्वतःच जाऊन उभा राहू लागला.

"बाई, सिरोंच्याची बस कवा हाय?" तो परक्यासारखा, मोठ्याने विचारी. सिरोंच्यात त्याच्या ओळखीचं कुत्रंही नव्हतं.

सत्यशीला बापाकडे बघे, आणि खुर्चीला साजेशा आवाजात पूर्ण उत्तर देई. कोणत्या फलाटावर, कुठे बदलायची, पाऊस असला तर कुठवर जाईल. सोमाजी ते डोळे मिटून ऐके आणि मागे वळून रिकाम्या फलाटाला सांगे, "आयकलं? असं सांगाव लागते!"

माणसं खिडकीवर ऐकत, मान डोलवत, आणि मग खात्री करायला गोविंदाच्या ठेल्यावर जात. गोविंदा म्हणे, "येऊनच राह्यली. तवरिक पान बांधू का?"

शनिवार उजाडला तो झडीचा. भादव्यातली झड, दोन दिवस आभाळ गळत होतं. त्यात मोहटोल्याच्या बाजाराचा दिवस. साहेबांची जीप लिंबू-मिरची हलवत स्टँडात शिरली. साहेब खिडकीला लागून खुर्ची टाकून बसले, स्टँडाचे मोठे बाबू मागे उभे राहिले. सोमाजीने धोतरावर कोटही घातला होता. तो खांबाला टेकून उभा राहिला. खांब हलत नव्हता म्हणून तोही हलला नाही, एवढंच.

आणि त्याच वेळी फोन वाजला. सत्यशीलाने ऐकून घेतलं, ठेवला, आणि भोंग्याचं बटण दाबलं.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं. मोहटोल्याच्या नाल्यावर पूल बुडाला आहे. मोहटोल्याकडे जाणारी बस आज येणार नाही. आज म्हणजे दिवसभर नाही."

स्टँड बांधल्यापासून भोंग्यातून 'नाही' असं कोणी ऐकलं नव्हतं. मोहटोल्याची माणसं टोपल्या, पोरं, छत्र्या घेऊन उठली आणि खिडकीवर आली.

"नाई म्हन्ते हे बाई!" मुखरू नावाचा एक उंच गडी ओरडला. "शनवारच्या दिवशी नाई म्हन्ते! बाई, जरासी त येऊन राह्यली असन ना?"

"जराशी बस येत नसते, भाऊ," सत्यशीला म्हणाली. "येते तर सगळी येते. आज येत नाही."

साहेबांनी चष्मा पुसला. गेली, सोमाजीला वाटलं, पोरीची खुर्ची गेली.

गर्दी बाजूला सारत गोकुळा पुढे आली. ढिवराची बाई, डोक्यावर टोपलं, टोपल्यात पहाटे तलावातून काढलेली मासोळी. मोहटोल्याच्या बाजारात तिचं गिऱ्हाईक होतं.

"बाई, मले एकडाव पुन्हा सांग. मोहटोल्याले जायचं हाय मले. हे पाह्य, फोडून सांगतलं, टोकलं त टोकलं. या मासोळीले 'येऊन राह्यली' समजत नाई. थे सडते."

"आज बस नाही, गोकुळाबाई. उद्या सकाळी पाणी उतरलं तर पहिली गाडी जाईल. मासोळी इथेच विका."

गोकुळाने टोपलं उतरवलं, पण बसली नाही. एका बाईच्या तोंडच्या 'नाही'वर दिवसाची कमाई ठेवायची, ही सोपी गोष्ट नव्हती. तिने ठेल्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

"येऊनच राह्यली!" गोविंदा तिथून ओरडला. "बसा आरामात. पान घ्या."

मोहटोल्याची माणसं सुस्कारा टाकून अर्धी मागे वळली. आणि मुखरूची नजर खांबाकडे गेली.

"अबे, सोमाजीबुवाले इचारा ना! समदी जिंदगी टपावर गेली त्याची. सोमाजीबुवा, तुमी सांगा. येऊन राह्यली का नाई?"

सगळा स्टँड सोमाजीकडे बघू लागला. साहेबही. खिडकीतून सत्यशीलाही.

सोमाजीने टोपी काढली. डोकं खाजवलं. त्याच्या जिभेवर 'पाह्यू' येऊन बसलं होतं. जन्मभराचं, गुळगुळीत, कोणाला न दुखवणारं. ते म्हटलं असतं तर माणसं हसत झाडाखाली गेली असती, गोंधळ मिटला असता, साहेबांना स्टँड शांत दिसलं असतं, पोरीची खुर्चीही कदाचित राहिली असती. फक्त त्या खुर्चीतून दिलेल्या उत्तराला पुढे कोणी विचारलं नसतं.

त्याने टोपी घातली.

"नाई," तो म्हणाला.

त्याने घसा खाकरला.

"नाई येत! माह्या पोरीनं सांगतलं ना, नाई येत म्हून? फोन तिनं घेतला, पूल तिले मालूम हाय. मी हमाल होतो बाप्पा, मले बस आल्यावर समजे. तिले येच्या आधी समजते. जे काही इचारायचं थे खिडकीवर इचारा. मले नोको, अना त्या पानवाल्याले त अजिबातच नोको. तुमी जेवढे बसान, तेवढं त्याचं पान खपते!"

मग गोकुळा खाली बसली, टोपल्यावरचं ओलं फडकं तिने काढलं आणि पहिली हाळी दिली, "घ्या वो मासोळी, ताजी मासोळी!"

मोहटोल्याच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणाची बहीण याच गावात होती, कोणाचा साडू. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून जाता जाता जो तो मासोळी घेऊन गेला. दुपार व्हायच्या आत टोपलं रिकामं झालं. गोविंदाने पानांवर पाणी शिंपडलं आणि शेवटी तोही पावशेर मासोळी मागायला आला.

"सरली," गोकुळा म्हणाली.

"थोडीसी असन ना?"

"नाई," गोकुळा म्हणाली, आणि तो शब्द तिच्या तोंडाला असा काही गोड लागला, की तिने तो पुन्हा एकदा म्हणून पाहिला.

साहेब उठले. सोमाजी खांबाला चिकटला. साहेब हातात चहाचा कप घेऊन खिडकीसमोर गेले, चारचौघांसारखे वाकले.

"बाई, आम्हाला आज परत जाता येईल का?"

"कुठे जायचं, साहेब?"

मागे उभ्या असलेल्या जीपच्या ड्रायव्हरने जीभ चावली. साहेबांचाही चेहरा क्षणभर उतरला. तेही कोणाच्या तरी आईचं दूध प्यायलेले होते.

"चंद्रपूरला," ते हळूच म्हणाले.

"मोहटोल्याच्या रस्त्याने नाही. फाट्यावरून जुन्या रस्त्याने जा. आत्ता निघालात तर उजेडी पोचाल. चहा पीत बसलात तर नाही."

साहेबांनी कप खिडकीच्या फळीवर ठेवला. अर्धा होता. स्टँडाच्या मोठ्या बाबूंकडे वळून ते म्हणाले, "खिडकीवर याच राहतील. सोमवारी कागद पाठवतो. आणि यांना काय उत्तर द्यायचं ते कोणी शिकवायला जाऊ नका."

जीप गेली. स्टँडावर आवाज उठला, आणि मग एक नवलाची गोष्ट झाली. माणसं खिडकीपुढे रांग लावू लागली. खरी रांग, एकामागे एक, छत्र्या मिटून. पहिल्याने आपण होऊन गावाचं नाव सांगितलं. कुजबुजत का होईना, सांगितलं.

सोमाजी खांब सोडून निघाला आणि थेट खिडकीशी पोचला. कोटाची बाही सारखी करत त्याने फळीवर कोपर टेकवलं, रांगेकडे तोंड केलं, छाती भरून घेतली. आत सत्यशीलाचं बोट भोंग्याच्या बटणावर होतं. आपल्या बापाकडे तिने डोळे भरून पाहिलं.

"बाबा," भोंग्यातून सगळ्या स्टँडावर आवाज आला.

सोमाजीने मान आणखी ताठ केली. "बोल बेटा," तो म्हणाला. "बोल. आयकू दे समद्याइले."

"थोडे बाजूले सरा ना. मागच्याइले खिडकी दिसून नाई राह्यली."