जमनाकाकीच्या घरावरची हरकत

जमनाकाकी म्हणजे लाहूच्या आजोबांच्या चुलतभावाची सून. नातं असं लांबचं, तरी ती वारल्यावर त्या घराण्यात लाहूशिवाय कुणी उरलं नव्हतं. तिने बोर्डीच्या एका वसतिगृहात तीस वर्षं स्वयंपाक केला आणि स्वतःच्या कमाईतून चिखल्याला दोन खोल्या आणि चिकूची अकरा झाडं घेतली. ती सगळी मिळकत मृत्युपत्र करून चंद्रिकाला दिल्याचं लाहूला तळासरीच्या बाजारात कळलं. चंद्रिका नात्याची ना गोत्याची, काकीबरोबर वसतिगृहात भाकऱ्या भाजणारी बाई.

तळासरीत झेरॉक्सचं दुकान चालवणारा रूपेश म्हणाला, घर चंद्रिकाच्या नावावर चढवायच्या फेरफाराची नोटीस लागली आहे, पंधरा दिवसांत हरकत घे. अर्जही त्यानेच लिहिला. लाहूने सही ठोकली आणि मनातल्या मनात चिकूच्या झाडांखाली खाटही टाकली. त्याची बायको शुक्री मात्र एवढंच म्हणाली, की जायचं तर जा, पण खोटं बोलून येऊ नकोस.

सुनावणी डहाणूला मंडळ अधिकाऱ्यांसमोर होती. चंद्रिका पन्नाशीची, किडकिडीत, पिशवीत कागद घेऊन आलेली. मृत्युपत्रावर सही केलेले दोघे साक्षीदारही सोबत होते, एक निवृत्त मास्तर आणि एक डॉक्टर. साहेबांनी लाहूचा अर्ज वाचला आणि चष्म्यावरून पाहिलं.

"शेवटी बाई भानावर नव्हत्या, असं लिहिलंय. तुम्ही पाहिलंत?"

रूपेशने सांगितलेलं सगळं लाहूला पाठ होतं, पण ते बाहेर पडेना.

"नाही साहेब," तो म्हणाला. "मी आठ वर्षांत तिकडे फिरकलोच नाही. हे लिहिणाऱ्याने लिहिलं, मी नुसती सही केली."

मास्तर खुदकन हसले. साहेबही हसू दाबत होते. त्यांनी शांतपणे समजावलं, की मृत्युपत्र नसतं तर नवऱ्याकडचा वारस म्हणून लाहूचा विचार झाला असता. पण स्वकष्टाची मिळकत बाईने कुणाला द्यावी हा तिचा प्रश्न. हरकत घ्यायचा हक्क लाहूचा होता, तो त्याने वापरला. कागद खोटा वाटत असेल तर दिवाणी कोर्ट आहे.

"खोटा नाही वाटत," लाहू म्हणाला आणि हरकत मागे घेतल्याचं लिहून दिलं.

आता गुपचूप जीप पकडावी म्हणून तो फाटकाकडे निघाला, तर चंद्रिकाने मागून हाक मारली. ती भांडेल असं त्याला वाटलं. ती म्हणाली, एवढ्या लांबून आलात, घर तरी बघून जा.

चिखल्याला पोचल्यावर लाहू चकित झाला. अंगण सारवलेलं, पण झाडं रानटी वाढलेली. चंद्रिकाला वर चढता येत नव्हतं आणि मजूर मिळत नव्हते. लाहूने चहा होईपर्यंत कोयता मागून घेतला आणि सदऱ्याच्या बाह्या सारून तीन झाडांच्या वाळक्या फांद्या उतरवल्या. चंद्रिका खालून जाळीच्या बांबूने चिकू उतरवत राहिली.

"काकी तुमची आठवण काढायची," ती सहज म्हणाली. "म्हणायची, माझ्या लग्नात लाहू एवढा नाचला की उभ्या उभ्याच झोपला, मग नवऱ्याने त्याला खांद्यावर टाकून वरात पुढे नेली."

लाहू फांदीवरच बसून राहिला. तेव्हा तो पाच वर्षांचा असेल. ही गोष्ट सांगणारं आता कुणी उरलं असेल, असं त्याला वाटलंच नव्हतं.

"बाई, वर्षश्राद्धाला मला कळवा," तो म्हणाला. "घरचं माणूस हवं."

"हवंच आहे. कुणाला सांगू, तेच मला सुचत नव्हतं. तुमची हरकत आली तेव्हा पत्ता तरी मिळाला."

दोघंही मोठ्याने हसली. त्या दिवशी लाहू तिच्या हातची भाकरी खाऊनच निघाला.

वर्षश्राद्धाला लाहू शुक्रीलाही घेऊन आला. पानावर बसायच्या आधी शुक्रीने सगळं घर हिंडून पाहिलं आणि चंद्रिकाला म्हणाली, "वन्सं, भाताच्या लावणीला आमच्याकडे या. तुमच्या हातच्या भाकरीचं यांनी फार ऐकवलंय."

लाहूने ऐकलं आणि मान खाली घालून वरण वाढायला घेतलं.