कडक मातीतलं बिऱ्हाड

प्रयोगशाळेतल्या उंदरांना नात्याची नावं देऊ नयेत असा नियम होता, आणि संशोधिकेने तो पहिल्याच आठवड्यात धाब्यावर बसवला. काचेच्या टाकीत, दगडासारख्या कडक मातीत, बिळात राहणाऱ्या उंदरांचं अख्खं खटलं नांदत होतं. थोरला दातांनी माती फोडायचा, मामा ती मागे ढकलायचा, धाकटी वर नेऊन टाकायची. आत्या मात्र काडीचं काम करायची नाही. म्हातारी, दात झिजलेली. पिल्लांना कुशीत घेऊन बसायची आणि सगळे मुकाट्याने तिला कंद आणून द्यायचे.

संशोधिकेचं म्हणणं होतं, ही माया-बिया काही नाही, सगळी करामत मातीची. कडक मातीत एकट्याने खणायचं तर कंद सापडेपर्यंत जीव जातो, म्हणून एकमेकांना धरून राहायचं. मऊ माती मिळू दे, मग बघा. तिने सगळ्यांना भुसभुशीत वाळूच्या, चौपट मोठ्या टाकीत सोडलं.

तिचं खरं ठरलं. दोन-तीन महिन्यांत प्रत्येकाने आपलं वेगळं बीळ केलं आणि मधल्या वाटा आतून बुजवून टाकल्या. आत्याला वाळूतही खणता येईना. ती वर उघड्यावर बसून राहायची. संशोधिका कंद टाकायची म्हणून जगली, नाहीतर तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नव्हतं. वरिष्ठांनी संशोधिकेची पाठ थोपटली.

तिला मात्र त्याचा आनंद होईना, कारण घरीही तेच चाललं होतं. ती आणि तिचा नकाशे काढणारा नवरा इतकी वर्षं एका खोलीत राहिले. टेबल एकच, त्याच्या नकाशावर तिचा चहा सांडायचा, मग कडाक्याचं भांडण, पण एका पांघरुणात रुसवा टिकणार किती? तिला बढती मिळाली आणि पाच खोल्यांचं घर आलं. त्याला त्याची खोली, तिला तिची. भांडण असं झालंच नाही. भांडायला समोरासमोर यावं लागतं. आता जेवण झालं का, हेसुद्धा ते एकमेकांना फोनवर लिहून विचारायचे.

"आपण परत त्या खोलीत जाऊ या का?" तिने एकदा त्याच्या दारात उभं राहून विचारलं होतं.

"वेड लागलंय का तुला?" तो मान वर न करता म्हणाला. "तिथे पाय पसरायला जागा नव्हती."

"तेच म्हणतेय मी."

त्याने नकाशावर पुढची रेघ ओढली.

म्हणून तिने ठरवलं, उंदरांना परत कडक मातीत सोडायचं. प्रयोगात हे कुठेच बसत नव्हतं; टाकी साफ करायची आहे अशी तिने वरिष्ठांना थाप मारली. माती तोडते तर माती जोडेलही, असा तिचा हिशेब होता, आणि तो काही उंदरांपुरता नव्हता. जमलं तर नवऱ्याला हाताला धरून आणायचं, टाकी दाखवायची आणि पुन्हा विचारायचं.

आधी आत्याला सोडलं. ती नाक खुपसत फिरली आणि आपल्या जुन्या कोपऱ्यात मुटकुळं करून बसली. मग थोरल्याला. त्याने जवळ जाऊन तिला हुंगलं. एकत्र झोपणाऱ्या उंदरांच्या अंगाला एकच वास असतो, त्यावरूनच ते आपलं माणूस ओळखतात. वेगळं झोपून झोपून तो वास पार गेला होता. संशोधिकेला हे माहीत होतं. वेळेवर सुचलं नाही, एवढंच. थोरल्याने आत्याची मान धरली. संशोधिकेने उघडा हात आत घालून त्याला ओढून काढलं, तिचं बोट फाटलं, पण उशीर झाला होता. आत्याने एकदाही उलटून चावा घेतला नाही. बहुतेक तिला वाटलं, काहीतरी खायला आणलंय.

बोटाला फडकं गुंडाळून ती घरी आली, तर नवरा चक्क बाहेरच्या खोलीत वाट बघत बसला होता.

"मी विचार केला," तो म्हणाला. "तुझं खरं होतं. असं किती दिवस राहायचं? ती खोली अजून रिकामी आहे, मालकाला विचारून आलो. जाऊ या परत."

तो लाजून हसत होता, पाहुण्यासमोर हसावं तसा. ती शेजारी बसली. त्याच्या अंगाला कुठल्यातरी साबणाचा वास येत होता. हा साबण त्याने कधी बदलला, तिला माहीतही नव्हतं.

"हाताला काय झालं?" त्याने बोट बघायला हात पुढे केला, आणि तिने आपला मागे घेतला.

"नको," ती म्हणाली. "इथेच बरं आहे."