एकदाच विचारणाऱ्या बाई

अमेरिकन साहित्याच्या तासाला मारित ऑस्टलुंड वर्षभर एक अक्षर बोलली नव्हती, आणि यात तिच्या अभ्यासाचा काही दोष नव्हता. पुस्तकं तिने सगळी वाचली होती, काही दोनदा. दोष होता तो वळणाचा. उत्तर मिनेसोटातल्या चांगल्या घरच्या मुलीला कुणी काही देऊ केलं, की ती आधी "नको" म्हणते. पुन्हा विचारलं की "खरंच नको, उगाच कशाला त्रास." तिसऱ्यांदा विचारलं की मग "बरं, अगदी थोडंसं," आणि पोटभर जेवते. हे तिथे कुणाला शिकवावं लागत नाही.

मिस डिनापोली मात्र त्याच वर्षी न्यू जर्सीहून आल्या होत्या, आणि त्या एकदाच विचारायच्या.

तास गोल बसून व्हायचा. मांडीवर पुस्तक, पुस्तकातून डोकावणाऱ्या रंगीत चिठ्ठ्या, आणि बोलेल त्याला गुण. "मारित, तुला काही म्हणायचंय?" बाई विचारायच्या. "नाही, राहू दे, बाकीच्यांना बोलू दे," मारित म्हणायची, आणि पुढच्या आग्रहाची वाट बघत बसायची. बाई मान डोलवून पुढे जायच्या. मग कोल्टन बर्क तोंड उघडायचा. या पठ्ठ्याने वर्षभरात एकही पुस्तक उघडलेलं नव्हतं. "मला याच मुद्द्याला जोडून म्हणायचंय," असं सुरू करून तो आधीच्याचंच बोलणं जरा मोठ्या आवाजात परत सांगायचा आणि पैकीच्या पैकी गुण घेऊन जायचा. मारितच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण दुसऱ्याचं बोलणं तोडणं हेही तिच्या घरच्या वळणात बसत नव्हतं.

जूनच्या तोंडावर बाईंनी तिला बाजूला घेतलं. "शेवटच्या तासाला सगळ्या वर्षाचा आढावा घ्यायचाय, आणि हसवत घ्यायचाय. रडवायचं काम पुस्तकांनी केलंय. त्या दिवशी बोलली नाहीस तर तू नापास. उन्हाळी वर्गात हेच सगळं परत."

त्या उन्हाळ्यात सरहद्दीवरच्या तळ्यांमध्ये पाहुण्यांना होडीतून नेण्यासाठी वाटाड्या म्हणून तिची निवड झाली होती, आणि हे बाईंनाही ठाऊक होतं. त्यासाठी ती आधीचे दोन उन्हाळे दुसऱ्यांची ओझी वाहत हिंडली होती. आता उन्हाळी वर्ग म्हणजे ते गेलंच.

"मग बोल ना," रात्री जेवताना आई म्हणाली.

"त्यांनी विचारायला नको का?"

"विचारत नाहीत?"

"विचारतात. एकदाच."

आईने भट्टीतून काढलेलं बटाट्याच्या हॉटडिशचं भांडं खाली ठेवलं. "एकदाच? बिचारीला घरी कुणी काही शिकवलेलं दिसत नाही."

शेवटचा दिवस उजाडला. मारितने आरशासमोर उभं राहून सगळं पाठ केलं होतं. वर्तुळ फिरत फिरत तिच्यापाशी आलं.

"मारित, तू बोलतेस?"

"नाही, राहू दे, बाकीच्यांना—"

सवयीने घात केला. बाईंचा चेहरा उतरला, तरी त्या पुढे वळल्या. "कोल्टन?"

"मला याच मुद्द्याला जोडून—"

"कशाला जोडून?" मारित म्हणाली. "मी काही बोललेच नाहीये अजून. गप्प बस जरा."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिचे कान तापले होते, पण ती उभी राहिली.

"सप्टेंबरात आपण काळ्या डगल्यातल्या धर्मगुरूंना वाचलं. ते म्हणाले, तुम्ही सगळे नरकात जाणार. आपण त्यावर निबंध लिहिला आणि सुबकपणे समारोप केला." एक-दोघं हसले. "हिवाळ्यात वाचलेल्या लेखकांना माणसांचा वीट आला, म्हणून ते जंगलात एकटे राहायला गेले. आणि मग त्याच माणसांसाठी जाडजूड पुस्तकं लिहीत बसले. माझा मामाही जंगलात राहतो. तो गोठलेल्या तळ्यावर मासे धरतो आणि फोन उचलत नाही. खरा एकांत तो." आता सगळा वर्ग हसत होता. "आणि प्रतीकं. पडदा पिवळा असला की मृत्यू. दिवा विझला की मृत्यू. कुणी खरोखरच मेलं, तर मात्र ते समाजाचं प्रतीक."

मिस डिनापोलींनी तोंडावर हात धरला होता, पण त्यांचे खांदे हलत होते.

"पण मला एक गोष्ट आज कळली, आत्ता, या खुर्चीतून उठताना," मारित म्हणाली, आणि हे काही तिने पाठ केलेलं नव्हतं. "या एवढ्या लेखकांतल्या एकालाही कुणी 'बोला हो, बोला' म्हणून आग्रह केला नव्हता. कुणी त्यांची वाट बघत नव्हतं. ते आपणहून उठले आणि शेकडो पानं बोलत सुटले. मी वर्षभर बसून राहिले, मला तिसऱ्यांदा कुणीतरी विचारेल म्हणून."

"तिसऱ्यांदा?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही एकदाच विचारता."

बाईंनी वर्तुळावरून नजर फिरवली. सगळ्यांच्या माना होकारार्थी हलत होत्या, कोल्टनचीसुद्धा. "म्हणजे वर्षभर तुम्ही सगळे... आणि मला वाटलं, या मुलांना काही म्हणायचंच नसतं." "मारित, तू पास. आजच्या बोलण्याचे पूर्ण गुण. जा, तुझ्या तळ्यांवर जा."

मारितला हसू आणि रडू एकदमच आलं. इतका आनंद तिला आजवर कशाचाच झाला नव्हता. तेवढ्यात घंटा झाली. वर्षातली शेवटची घंटा. खुर्च्या सरकल्या, दप्तरं खांद्यावर चढली, कोल्टन तर दारापर्यंत पोचलासुद्धा.

"बसा," मारित म्हणाली. "अजून वसंत ऋतूतली पुस्तकं राहिलीत."

आणि ते बसले.