बिनब्रशाची मोटर

भीमसेनरावांनी लाल बटणावर थाडकन हात मारला आणि मोटर मंदावत मंदावत थांबली.

"काका, अहो काय केलंत हे!" देविका किंचाळलीच. "इतकी मस्त चालली होती!"

"आवाज गेला कीं अम्मा! ब्रशाचा! मज वाटलं, सरलं सगळं."

"पण ब्रश आहेतच कुठे तिला?"

भीमसेनरावांनी जीभ चावली. खरंच की! तेहतीस वर्षं दक्षिणेतल्या एन्नोरच्या वीज केंद्रात त्यांनी दुसरं काय केलं होतं? मोटरच्या फिरत्या भागात वीज पोचवायला कार्बनचे ब्रश त्याच्या कड्यांवर सतत घासत राहतात, झिजून जातात. मग मोटर थांबवायची, भीमसेनला हाक मारायची. ती घासघास त्यांच्या कानात अशी मुरली होती की ती थांबली की हात आपोआप बटणाकडे जाई. आणि ती काळी भुकटी! नाकात, नखांत, छातीत. त्यांचा टॉवेल कनकाने, त्यांच्या बायकोने, इतर कपड्यांत कधी भिजवला नाही.

निवृत्तीनंतर ते तिकडच्याच पेरुंगुडीच्या या छोट्या कंपनीत आले. नाशिकच्या या पोरीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, एक वेटोळं जागेवर, दुसरं फिरत्या दांड्यावर, मध्ये नखाएवढी हवा, आणि वीज त्या हवेतून पलीकडे जाणार. भीमसेनराव पोट धरून हसले होते. महिन्याभरात तेच झपाटले. फिरतं वेटोळं मात्र टिकेना. वेग वाढला की तारा सुटून चिंधड्या. अशी दहा गेली. अकरावं त्यांनी हट्टाने स्वतः गुंडाळलं, सुती फितीने करकचून बांधलं, वार्निशात बुडवून तीन दिवस वाळवलं. आज हेही फाटलं तर मालक हा नाद सोडून ब्रशवाली मोटरच घेणार होते.

"परत लावूया," देविका म्हणाली. "आता कान बंद, डोळे मीटरवर. कळलं?"

"सरी, सरी!" भीमसेनरावांनी मान डोलावली.

मोटर फिरू लागली. मिनिटाला तीन हजार फेरे. चार हजार.

"थांबली कां?"

"काका, मीटर!"

साडेचार हजार. दहाही इथेच फाटली होती. पाच हजार. सहा! काटा तिथेच स्थिर राहिला. अर्धा तास झाला, तरी वेटोळ्याची एकही तार सुटली नाही.

"जमलं! काका, जमलं!" देविका उड्या मारायला लागली. "आता ब्रश बदलायला माणूसच नको!"

आणि तिची उडी अर्ध्यावरच राहिली; काकांचं सारं आयुष्य तर त्याच कामात गेलं होतं.

"नकोच!" भीमसेनराव ओरडले. इतका आनंद त्यांना पेन्शनच्या कागदानेही झाला नव्हता. "कुणाच्या छातींत ते काळं जाऊंच नये, अम्मा!"

"बरं, चाचणी संपली. करा बंद."

बटण हाताशीच होतं. भीमसेनरावांनी हात मागे घेतला.

"पांच मिनिटं राहूं दे. मोटर थांबली कीं मगच मज बोलवायचे. चालती मोटर कधीं बसून बघितलीच नाहीं."

देविकाने स्टूल पुढे सरकवलं. भीमसेनराव बसले, हात मांडीवर ठेवून, आणि बघत राहिले.