खुणेची माती

यंदा तलाव दसऱ्यालाच कोरडा पडला, म्हणून गाळ काढायचं रोजगार हमीचं काम निघालं. इंदू हरखून गेली. तिला सातवा चालू होता. मागच्या खेपेला ती ऊसतोडीवर, फडाशेजारच्या पाचटाच्या कोपीत बाळंत झाली आणि ते लेकरू आठवडाभरही जगलं नाही. गावात काम मिळालं तर यंदा तोडीला जायचं नाही, असं त्यांच्या घरात ठरलं होतं.

प्रत्येक घराला खणायला वेगळा चौकोन. इंदूच्या चौकोनात तिचा नवरा हरी आणि सासरे बन्सीतात्या खणत. इंदूकडे मजुरांना पाणी पाजायचं काम. शेजारचा चौकोन आमचा; येता-जाता ती बाभळीला टांगलेल्या झोळीतल्या माझ्या पोरीला झोका द्यायची.

खणताना मधोमध मातीचा एक खांब तसाच ठेवायचा असतो. किती खोल खणलं, ते इंजिनियर त्या खांबावरून मोजतो आणि तेवढीच मजुरी निघते. तात्यांना तो खांब खुपायचा. त्यांचं सारं आयुष्य विहिरी खणण्यात गेलेलं.

"तळात ढेकूळ ठेवलं, तर विहिरीचा धनी तोंडावर थुकायचा आमच्या," ते म्हणत.

"तात्या, ही विहीर न्हाई, सरकार हाये," मी म्हणायचे. "त्याला ढेकूळच आवडतं."

मोजणीच्या दिवशी तात्या सगळ्यांच्या आधी तलावात उतरले. आम्ही पोचलो तोवर त्यांचा खड्डा सारवल्यासारखा गुळगुळीत झाला होता. खांब नव्हता. साहेब येणार, काम लख्ख दिसावं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

इंजिनियर काठावर उभा राहिला. "खांब कुठंय? मी मोजू कशावरून?"

हरी म्हणाला, "साहेब, काठावरून मोजा की."

"तळ उतरता आहे. कुठला काठ धरू? काढलेली माती कुठंय?"

माती ट्रॅक्टरनं केव्हाच शेतात गेली होती.

"वर विचारतो. मंजूर झालं तर निघेल मजुरी."

"कवा?"

"ते माझ्या हातात नाही."

हरी बापाला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. दुकानदारानं उधार बंद केलं होतं. संध्याकाळी हरी तोडीच्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन आला.

ट्रक आला तेव्हा माझ्या पोरीची मऊ झालेली झबली मी इंदूच्या पिशवीत कोंबली. याहून जास्त माझ्याजवळ काही नव्हतं. तात्या पडवीत मान खाली घालून बसले होते. इंदू त्यांच्यापाशी गेली.

"तात्या, खड्डा लई देखणा झाला व्हता. साहेबाला त्यातलं काय कळतंय."

मग ती जाऊन हरीशेजारी ट्रकमध्ये बसली. ट्रक सुरू झाला, तसे तात्या उठले, घोंगडी खांद्यावर टाकली आणि मागचा फाळका धरून चढू लागले.

"तात्या, तुमाला कोयता झेपायचा न्हाई आता," हरी म्हणाला. "खाली उतरा."

"कोयता कशाला? तुम्ही दोघं फडात. हिचं दुखाय लागलं तर पाणी कोण तापवंल?"

हरीनं त्यांना वर घ्यायला हात पुढं केला.