बाळंतीण वावर

खापरावर खापर घासल्याचा बारीक आवाज झाला, आणि दुपारच्या त्या सामसूम घरात देवकाच्या मांडीवरचं तान्हं दचकलं. तिनं त्याच्या छातीवर हात ठेवला. उतरंडीपाशी पाच वर्षांची वच्छी मडक्यात हात घालून उभी होती.

"गूळ नाई त्याच्यात, बाई. बियाणं हाय ते. पुढच्या सालचं."

पुढच्या सालचं, कारण यंदा त्यांचं वावर निजलेलं होतं.

त्यांचं गाव म्हणजे बेज्जूरच्या अंगाला, प्राणहितेच्या पात्रातलं काळ्या दगडाचं बेट. म्हातारी माणसं सांगत, हा दगड कधीकाळी गुळाच्या पाकासारखा उकळत वर आला आणि जागच्या जागी थिजला. माती अशी त्याच्यावर नव्हतीच. पूर ओसरला की बाया डोईवरच्या पाट्यांतून गाळ आणत आणि दगडावर दगड रचलेल्या पवळींच्या आत ओतत. कितीतरी पिढ्या अशा वाकल्या तेव्हा कुठं गुडघाभर माती झाली. माती बायांनी केली, म्हणून तिचा कायदाही बायांचाच. तीन पिकं दिली की चौथं साल बाळंतपणाचं. त्या साली तिला लोखंड, म्हणजे नांगर-वखर, लावायचं नाही. पवळीच्या दगडाला तेल-हळद लावायची, खण ठेवायचा, आणि गवत उगवेल तसं उगवू द्यायचं.

"वयनी," बाहेरून शेजारच्या डोमाजीनं हाक मारली. "महिपत कुठं हाय?"

"नणंदबाईले आणाले गेले, दिवाळीसाठी. गाडीबैल घेऊनच गेले. काऊन?"

"सरकारचा गिरदावर आला बेटावर. वावरं पाहून राह्यला. ज्याच्यात नांगरल्याचं तास नाई, ते बंजर लिहून राह्यला. बंजर म्हणजे मंग सरकारचं. माह्यं वावर बी निजलंच होतं, म्या सकाळी वखर फिरवून घेतला. जोडी जुपेलच हाय. चला, तुमच्या वावरात दोन पाळ्या मारतो. गवत उलटलं की झालं."

देवकानं तान्ह्याला झोळीत बांधलं, वच्छीचं बोट धरलं आणि निघाली. पण तिच्या आधी सासू वावरात पोचली होती. बयनाबाई म्हणजे वाळल्या पऱ्हाटीसारखी बाई, वाऱ्यानं मोडेल असं वाटायचं, मोडत मात्र नसे. गवताच्या मधोमध तिनं बैठक मारली होती.

"डोमा, बाळंतिणीच्या अंगावरून वखर नेतं का तू? माह्या अंगावरून ने पहिले."

"मामी, तुमची हाडं लागून माह्या वखराची पास मोडन," डोमाजी हसत म्हणाला. बैल शेपट्या हलवत पवळीबाहेर उभे होते. "उठा ना. सरकारले काय समजते बाळंतपण?"

"सरकार काय दगडातून निंगालं? त्याले बी मायच असन."

डोमाजीनं देवकाकडं पाहिलं. "वयनी, तुमीच सांगा. बुढी कशी बी बोलते. लेकराचं वावर हाय."

देवकाची नजर सासूवर होती. चार महिन्यांपूर्वी हे तान्हं झालं, तेव्हा कामाची घाई नव्हती असं नाही. महिपत दहाव्या दिवशीच म्हणाला होता, आता उठली तरी चालन. तेव्हा हीच म्हातारी दारात आडवी पडली होती. सव्वा महिना तिनं देवकाला पाण्यात बोट बुडवू दिलं नाही, दळण स्वतः दळलं, अळिवाची खीर हातानं भरवली. त्या बाईचा दंड धरून तिला गवतातून ओढायचं कसं, हे देवकाच्या हातांना सुचेना. आणि मनाच्या तळाशी एक भाबडी आशाही होती, की खरं ते सांगितलं तर माणूस समजून घेतो.

"भाऊजी, बैल घेऊन जा," ती म्हणाली.

गिरदावर वाईट माणूस नव्हता. आला, सावलीला टेकला, वच्छीनं दिलेलं पाणी प्यायला. देवकानं पदर सावरून त्याला सगळं सांगितलं, तीन पिकं, चौथं साल, खण, हळद. त्यानं मान हलवत ऐकलं.

"बाई, माझ्या कागदात खाने दोनच. जोतलेली, नाहीतर बंजर. बाळंतिणीचा खाना नाही."

आणि त्यानं लिहिलं.

महिपत परत आला तेव्हा तो आईला एका शब्दानं बोलला नाही. देवकाच्या हातचं मात्र तो चार दिवस जेवला नाही. कचेरीच्या तीन खेपा झाल्या. तिथं सांगितलं, लिहिलं ते लिहिलं. उन्हाळ्यात डोमाजीनं ती जमीन मागणारी दरखास्त दिली आणि वावर त्याच्या नावावर झालं. "म्या नसतं घेतलं, तर दुसऱ्यानं घेतलं असतं," तो म्हणाला, आणि ते खोटंही नव्हतं.

त्या दिवशी बयनाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं देवकाला हाक मारली. "तू काऊन नाई उठवलं मले? तू तरनी, हाताचा जोर होता तुले. म्या म्हातारी, म्या तं बसनच."

देवकाला हे शब्द चुलीतल्या निखाऱ्यासारखे लागले, आणि तिनं ते गिळले. म्हातारीला दुसरं कोण होतं दोष द्यायला.

पुढच्या कार्तिकात देवका घाटावर धुणं घेऊन निघाली, तेव्हा त्या वावरात ज्वारी पुरुषभर उंच उभी होती. वर्षभर निजलेल्या मातीनं अंगातलं सगळं दिलं होतं. बेटावर असं पीक कोणी पाहिलं नव्हतं. पवळीवर बसलेल्या डोमाजीनं वच्छीला हाक मारली, हुरड्याची चार कणसं तिच्या ओंजळीत दिली. "घे बाप्पा, खा. तुह्या आजीले बी दे."

वच्छी धावत आईपाशी आली. कणसं छातीशी धरून तिच्या बरोबर चालू लागली. मग थांबली.

"माय, आजी म्हणे, बाळंतिणीले लोखंड लावलं तं पाप लागते. डोमाजीकाकानं तं त्याच्या वावराले लावलं. मंग त्याले काऊन नाई लागलं?"